पहिली बंदूक .22 चीच

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजी करणारे हौशी लोक पुष्कळ. त्यांच्यातला नवखा बंदुका जमवायला निघाला, की जुने खेळाडू आधी .22 ची रायफल घ्यायला सांगतात. 1887 पासून चालत आलेलं '.22 लाँग रायफल' हे काडतूस स्वस्त, आवाजाला कमी. खांद्याला धक्का जवळपास नाहीच. त्यामुळे बार उडताना दचकून डोळे मिटायची खोड लागत नाही आणि चाप हळूच दाबायची सवय अंगवळणी पडते. 1964 साली आलेली रुगर 10/22 याच जातीची. तिच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसं चक्रासारखी फिरतात आणि ते खाली जराही डोकावत नाही.

मग हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायला 12 बोअरची शॉटगन. (हे 12 मिलिमीटर नव्हेत! नळीच्या व्यासाचे शिशाचे 12 गोळे मिळून एक पौंड भरतात.) पिस्तूल, लांब पल्ल्याची रायफल मागाहून. माझ्या मते त्याआधी कुलपाची तिजोरी आणि चांगले इअरमफ हवेत.

आपल्याकडे 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. तेव्हा इथली हौस बहुधा .177 च्या एअर रायफलवरच भागवली जाते.