घट, चक्र आणि आमचें कुटुंब

तर्कशास्त्राच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून ज्या एका वस्तूची सोबत लाभते ती वस्तु म्हणजे घट. कार्य कशास म्हणावें? घटास. कारण कशास म्हणावें? घटाच्या मृत्तिकेस. अभाव कोणता? भूतलावर घट नाहीं, हा. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'सारखी लहानशी पोथी घेतली तरी तिच्यांतून घट आणि पट हे दोन पदार्थ उचलून नेल्यास गुरु-शिष्यांना बोलावयास फारसें कांहीं उरणार नाहीं. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, उपदेश करूं लागतो तेव्हां मातीच्या गोळ्याचाच दृष्टान्त प्रथम देतो. पतंजलि तर महाभाष्याच्या आरंभींच सांगतो कीं, घट हवा असला म्हणजे मनुष्य कुंभाराच्या घरीं जातो, परंतु शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या दारीं कोणी जात नाहीं.

घराघरांतही घटाचा संबंध कांहीं थोडा नाहीं. नवरात्रांत त्याची स्थापना, संक्रांतीला सुगडांचें वाण, अक्षय्यतृतीयेला उदककुंभाचें दान, आणि शेवटीं स्मशानांत खांद्यावरून फुटणारें मडकें. एवढा ज्याचा शेजार, तो घट घडतांना जवळून पाहिलेलीं माणसें आपल्या वर्गांत किती निघतील? स्वतःच्या हातानें घडविलेलीं तर विचारूंच नयेत.

गतवर्षीं दिवाळीनंतर आमच्या नातीनें हा योग जुळवून आणला. ती नऊ वर्षांची आहे. पुण्याच्या एका उपनगरांत दर रविवारीं सकाळीं दोन तास मातीकाम शिकविणारा वर्ग निघाला होता. सहा रविवारांत प्राथमिक शिक्षण पुरें होत असे. तिच्या आईनें तिचें नांव घातलें, आणि मग "आजी-आजोबा आले तरच मी जाणार" असा हट्ट झाला. परिणामीं मी, माझी पत्नी, चिरंजीव, सूनबाई आणि नात असे पांच विद्यार्थी एकाच घरांतून हजर झालों. शिक्षिकाबाई चित्रकलेच्या पदवीधर, वयानें माझ्या सुनेएवढ्या. त्यांच्या हाताखालीं माती तयार करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते जातीचे कुंभार. मूळ गांव नीरेच्या कांठचें. सर्व मुलें त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही म्हणूं लागलों. मला ते पहिल्याच दिवशीं 'गुरुजी' म्हणाले.

पहिला रविवार माती तिंबण्यांत गेला. मातीचे कण अतिशय सूक्ष्म आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात; त्यांच्यामध्यें पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात पण सुटत नाहींत. मातीला हवा तो आकार घेतां येतो आणि घेतलेला ठेवतां येतो तो यामुळें. मात्र हें पाणी सगळीकडे सारखें पसरलें पाहिजे आणि आंत हवेचा बुडबुडा राहतां कामा नये. त्यासाठीं गोळा ढकलावयाचा, उचलावयाचा, थोडा फिरवावयाचा, पुन्हां ढकलावयाचा. चिरंजीव संगणकाच्या कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहेत; त्यांनीं सर्व बळ लावून पाव तासांत घाम गाळला. माझ्या पत्नीनें बांगड्या मागें सारल्या आणि पुरणपोळीची कणीक तिंबावी तसा गोळा तिंबून पुढें ठेवला. काकांनीं तो तारेनें मधोमध कापला. आंत एकही छिद्र नव्हतें. "बाईंना शिकवायचं काय राहिलं?" असें ते म्हणाले. चाळीस वर्षें ज्या हातांच्या कौशल्याची गणना घरांत कोणी विद्येमध्यें केली नव्हती, त्या हातांना त्या दिवशीं एका जाणत्या कारागिराकडून प्रमाणपत्र मिळालें. ती कांहीं बोलली नाहीं. पण परततांना रिक्षांत आपले तळहात उलटसुलट करून पाहत होती.

चाकावर बसण्याची पाळी तिसऱ्या रविवारीं आली. येथें पहिलें आणि सर्वांत कठीण काम म्हणजे माती मध्यावर आणणें. गोळा चाकाच्या केंद्रापासून जरा जरी बाजूला असला तरी प्रत्येक फेऱ्याला तो हाताला धक्का देतो. नवशिका त्या धक्क्याबरोबर हात मागेंपुढें होऊं देतो, आणि मग माती तशीच वांकडी फिरत राहते. उपाय एकच: कोंपर मांडीवर रोवावें, श्वास संथ ठेवावा आणि हात जागचा हलूं देऊं नये. हात हलला नाहीं म्हणजे मातीला हलावें लागतें. ती मध्यावर आली कीं चाक फिरत असूनही गोळा स्थिर दिसतो. मग अंगठ्यानें खळगा करावयाचा, तळाला बोटभर माती राखावयाची, आणि एक बोट आंतून व एक बाहेरून लावून भिंत हळूहळू वर ओढावयाची. पाणी फार झालें कीं भिंत लुळी पडते. चिरंजीवांचीं तीन भांडीं अशीं बसलीं. चौथ्या वेळीं एक पेला उभा राहिला तेव्हां नोकरींतील बढतीच्या दिवशींही न दिसलेला आनंद त्यांच्या मुखावर दिसला.

लहान मुलांना मात्र आरंभींच चाकावर बसवूं नये असें माझें मत झालें आहे. त्यांच्या हाताला तेवढें वजन नसतें आणि निराशा लवकर येते. आमच्या नातीनें गोळा तळहातावर घेऊन चिमटीनें दाबीत दाबीत एक वाटी केली, ती चाकावरच्या कित्येक भांड्यांहून सरस होती. ज्यांची पाठ दुखते त्या वडील माणसांनीं मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडें करावें. मीही तसेंच केलें. नखें कापून जावें, अंगठ्या घरीं ठेवाव्या. हातांची माती मोरींत धुऊं नये, नळ तुंबतो, बादलींत धुवावी. वाळलेल्या मातीची धूळ झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी, कारण तिच्यांतील वाळूचे सूक्ष्म कण फुप्फुसांना अपायकारक असतात. खाण्यापिण्याचें भांडें करावयाचें असेल तर त्यावरील झिलईंत शिसें नाहीं ना, हें शिक्षकांना आधींच विचारून घ्यावें.

आतां शास्त्राकडे वळतों. नैयायिकांनीं घटाचीं निमित्तकारणें सांगतांना कुंभाराबरोबर दंड आणि चक्र गणलीं. माती वाहून आणणारें गाढव मात्र अन्यथासिद्ध, म्हणजे असलें काय नि नसलें काय, असें ठरविलें. आमच्या वर्गांतील चाक विजेवर चालतें, त्यामुळें बिचारा दंडही आतां गाढवाच्या पंक्तीला जाऊन बसला आहे. पण माझी जुनी शंका निराळी होती. शास्त्र सांगतें कीं, दोन कपालांचा, म्हणजे घटाच्या दोन अर्धांचा, संयोग हें घटाचें असमवायिकारण. चाकावर तर भांडें एकाच गोळ्यांतून वर येतें. तेथें दोन कपालें कोठें? पाठशाळेंत ही शंका विचारली कीं 'पुढें चला' असें उत्तर मिळे. ती मीं काकांना विचारली. ते म्हणाले, "गुरुजी, लहान भांडं एका गोळ्याचं. रांजण एका दमात उठत नाही. खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा. थोडे सुकले की ओल्या मातीनं जोडायचे, आणि आतून दगड धरून बाहेरून थापटण्यानं ठोकायचे. सांधा सापडला तर कुंभार कसला?" ग्रंथकारांच्या डोळ्यांसमोर रांजणच होता असा माझा आग्रह नाहीं. परंतु पन्नास वर्षांची शंका ज्यानें सोडविली तो पंडित नव्हता, एवढें खरें.

दुसरा वाद भट्टीचा. काळा कच्चा घट भाजल्यावर तांबडा होतो तो कसा? वैशेषिक म्हणतात, अग्नीनें घट परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग पालटतो, आणि घट पुन्हां जुळतो, हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, घट जसाच्या तसा राहून सबंध पालटतो, हा पिठरपाक. आज आपणांस ठाऊक आहे तें असें: सुमारें ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांच्या घडणींतच बांधलेलें पाणी निघून जातें, आणि मग त्या भांड्याचा पुन्हां कधीं चिखल होत नाहीं. ५७३ अंशांवर वाळूच्या स्फटिकांची रचना बदलून ते किंचित् फुगतात, म्हणून त्या सुमारास आंच फार सांभाळून चढवावी व उतरवावी लागते. मोकळी हवा मिळाली तर मातींतील लोह तांबडें होतें. भट्टी कोंडून धूर आंत ठेवला तर भांडें काळें निघतें. म्हणजे आकार मोडत नाहीं हें नैयायिकांचें खरें, आणि बदल कणांच्या रचनेंत होतो हें वैशेषिकांचें. दोघांनाही दक्षिणा देण्यास हरकत नाहीं.

मधल्या एका रविवारीं वर्गाला सुट्टी होती, तेव्हां नातीला डेक्कन कॉलेजचें पुराणवस्तुसंग्रहालय दाखविलें. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें त्या संस्थेनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथील जोर्वे पद्धतीचीं भांडीं, संगमनेरजवळच्या जोर्वे गांवावरून नांव पडलेलीं, साधारणतः इ. स. पू. १४०० ते ७०० या काळांतलीं: चाकावर घडविलेलीं, तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेलीं, कांहींना नळीसारखी तोटी. तीं माणसें दगावलेलीं अर्भकें दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखालीं पुरीत. हें मीं नातीला सांगावें कीं नाहीं या विचारांत होतों. तिनें पाटी स्वतःच वाचली. जरा वेळानें म्हणाली, "म्हणजे बाळ घरांतच राहिलं." मग एका फुटक्या भांड्याच्या आंतल्या बाजूकडे बोट करून म्हणाली, "आजोबा, हें पहा, ह्यांच्याही बोटांच्या रेघा आहेत."

पांचव्या रविवारीं मीं काकांना विचारलें कीं, आम्हीं पांच जण एका दिवसाची जी फी देतों तेवढी रक्कम मिळविण्यास आपल्या वडिलांना किती मडकीं विकावीं लागलीं असतीं? ते हंसले. "पैसा कुठला गुरुजी? बलुतं होतं. सुगीला धान्य मिळायचं, तेही मागायला गेल्यावर." पितळ आलें, ॲल्युमिनियम आलें, प्लास्टिक आलें, गांवांतलें चाक थांबलें. त्यांचा एक मुलगा गाडी चालवितो, दुसरा कचेरींत आहे. दोघांनाही मातीला हात लावावयाचा नाहीं, आणि काकांना त्याचें दुःख आहे असेंही दिसलें नाहीं. "आम्ही लावला तो पोटासाठी," ते म्हणाले, "तुम्ही लावता तो हौसेसाठी. हौसेला पाठ दुखत नाही." त्यावर आमच्यापैकीं कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. माझ्या पत्नीनें एवढेंच सांगितलें कीं, तिच्या माहेरीं पौषांत सुगडें घेऊन येणारी कुंभारीण ओटीच्या खालीं उभी राहत असे. सूप पुढें करून तिच्या पदरांत धान्य घालीत. तिचें नांव काय होतें, हें तिला आठवेना.

हौस म्हणून का होईना, पण पदवीधरांच्या मुलांनीं चिखलांत हात घालावे हें मला चांगलेंच वाटतें. मात्र अशा वर्गांतून ज्याच्या घरांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदली तो माणूस माती मळण्यापुरता ठेवावा, आणि शिकविण्याचा मान व वेतन दुसऱ्यानें घ्यावें, हें बरें दिसत नाहीं. शिक्षिकाबाईंना हें बोलून दाखविलें. त्या समंजस आहेत. शेवटच्या रविवारीं दोन तास काकांनीं शिकविलें. त्यांनीं शिकविलेलें थापटण्याचें काम सूनबाईंनीं सर्वांत लवकर उचललें.

भांडीं दोन आठवडे सावलींत सुकलीं, मग भट्टींत गेलीं. सुकतांना आणि भाजतांना माती मिळून दहाव्या हिश्शाच्या आसपास आकसते, त्यामुळें चिरंजीवांचा चहाचा पेला औषधाच्या पेल्यासारखा होऊन आला. काकांनीं बोटाच्या पेरानें एकेक वाजवून पाहिलें. तेरच्या गोरोबाकाकांनीं संतांचीं डोकीं थापटण्यानें थोपटून नामदेवांना कच्चें ठरविल्याची कथा नातीला ठाऊक होती. ती श्वास रोखून बघत होती. पत्नीची कुंडी, चिरंजीवांचा पेला आणि नातीची वाटी खणखणीत निघालीं. सूनबाईंच्या पणतीचा आवाज बद्द आला. कांठाला केंसाएवढी चीर होती. माझें भांडें वाजवून "चालेल" एवढाच अभिप्राय मिळाला. त्यांत आतां लेखण्या असतात.

ज्या भगिनींना संक्रांतीचीं सुगडें घरच्या घरीं करण्याची इच्छा होईल त्यांनीं मार्गशीर्षांतच माती आणावी, कारण सुकणें आणि भाजणें यांत तीन आठवडे सहज जातात. तेवढा अवकाश नसेल तर पुण्यांत कुंभारवेशीकडे जावें, भाव फार करूं नये, आणि देणाऱ्याचें नांव विचारून घ्यावें.