उष्माघात व इतर उष्णताजन्य विकार

उष्ण हवेमुळे किंवा उष्ण हवेत केलेल्या श्रमांमुळे शरीरात साठणारी उष्णता पुरेशा वेगाने बाहेर टाकणे अशक्य झाले म्हणजे जे विकार उद्‌भवतात त्यांना उष्णताजन्य विकार म्हणतात. घामोळे, स्नायूंत पेटके येणे, भोवळ येणे, उष्णताजन्य थकवा व उष्माघात हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. यांपैकी पहिले चार घरच्या घरी किंवा साध्या उपचारांनी बरे होण्यासारखे असून उष्माघात मात्र प्राणघातक व तातडीचा विकार आहे. बोलीभाषेत या सर्वांना ‘ऊन लागणे’ (विदर्भात ‘लू लागणे’) असे एकच नाव असल्यामुळे सौम्य विकारास अनावश्यक उपचार आणि गंभीर विकारास उशिरा उपचार, असे दुहेरी नुकसान पुष्कळदा होते. म्हणून या विकारांतील फरक ओळखणे हा योग्य उपचारांचा पाया होय.

प्रादेशिक संदर्भ : महाराष्ट्रात विदर्भाचा उन्हाळा सर्वांत कडक असतो. नागपूर येथे मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान सु. ४२° ते ४३° से. असते. २३ मे २०१३ रोजी तेथे ४७.९° से. तापमान नोंदविले गेले. मेच्या अखेरीस येणाऱ्या ‘नवतपा’च्या नऊ दिवसांत ऊन सर्वाधिक तापते अशी लोकांची धारणा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४०° से. असून ते सरासरीपेक्षा ४.५° ते ६.४° से.ने अधिक असल्यास, किंवा प्रत्यक्ष तापमान ४५° से. वा त्याहून अधिक झाल्यास उष्णतेची लाट मानली जाते. प्रत्यक्ष तापमान ४७° से. वा त्यावर गेल्यास ती तीव्र समजली जाते.

शहराच्या दक्षिण कडेवरील हुडकेश्वरसारख्या वाढत्या वसाहतींत हा प्रश्न विशेष जाणवतो. शेतजमिनीच्या जागी भूखंड, डांबरी रस्ते व स्लॅबची घरे आल्यावर सावली कमी होते. काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सोडते, त्यामुळे रहिवाशांना रात्रीही गारवा मिळत नाही. बांधकामावरील मजूर दिवसा उन्हात राबतात व त्यांपैकी पुष्कळ जण रात्री पत्र्याच्या खोपटात झोपतात. त्यांच्या शरीरावरील ताण अशा रीतीने चोवीस तास टिकून राहतो.

कारणमीमांसा : निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सु. ३७° से. असते. मेंदूतील नियंत्रक केंद्र त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून व घर्मग्रंथी उद्दीपित करून ते स्थिर राखते. हवा त्वचेपेक्षा अधिक तापली म्हणजे शरीरातील उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतील उष्णता शरीरात येऊ लागते आणि घामाचे बाष्पीभवन हाच शीतनाचा एकमेव मार्ग उरतो. एक लिटर घामाच्या पूर्ण बाष्पीभवनाने सु. ५८० किलोकॅलरी उष्णता नाहीशी होते. परंतु जो घाम नुसता निथळून जातो त्याचा काहीच उपयोग होत नाही. यास्तव हवेतील आर्द्रतेला तापमानाइतकेच महत्त्व आहे.

नागपुरातील एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने तेथे घाम लवकर वाळतो. कूलर व वाळ्याच्या ताट्या याच कारणाने उपयोगी पडतात. मात्र घाम दिसत नसल्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याची कल्पना येत नाही. जूनच्या आरंभी आर्द्रता वाढू लागताच कूलर निरुपयोगी ठरतात आणि तापमान उतरूनही जिवाची काहिली वाढते. किनारपट्टीवर ही अवस्था नेहमीचीच असते. खारघर (नवी मुंबई) येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या सार्वजनिक समारंभानंतर उष्माघाताने १४ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी परिसरातील तापमान सु. ३८° से. होते. चाळिशी ओलांडल्याखेरीज धोका नाही, हा समज त्यावरून चुकीचा ठरतो.

उष्ण हवेची सवय होण्यास शरीरास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातून जाणाऱ्या मिठाचे प्रमाण घटते. उन्हाळ्याच्या पहिल्या लाटेत व कामावर नव्याने आलेल्या मजुरांत विकारांचे प्रमाण अधिक असते ते यामुळेच.

अर्भके, वृद्ध, गरोदर स्त्रिया, हृदयरोग, मूत्रपिंडविकार वा मधुमेह असलेले रुग्ण, मद्यपी व स्थूल व्यक्ती यांना धोका अधिक असतो. लघवीचे प्रमाण वाढविणारी रक्तदाबावरील औषधे, सर्दी-ॲलर्जीवरील काही औषधे व काही मानसिक विकारांवरील औषधे यांमुळे शरीराची शीतनक्षमता घटते. अशी औषधे आपण होऊन बंद करू नयेत. उन्हाळ्याच्या आरंभी मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उन्हात न गेलेल्या वृद्धांनाही उष्माघात होऊ शकतो. ऑगस्ट २००३ मधील लाटेत फ्रान्समध्ये सु. १५,००० अधिक मृत्यू झाले. मृतांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता.

सौम्य विकार : घर्मग्रंथींची तोंडे बुजल्याने घामोळे येते, अंग कोरडे ठेवणे व सैल सुती कपडे वापरणे एवढ्याने ते बरे होते. फार घाम गाळून नुसतेच पाणी पीत राहिल्यास शरीरातील क्षार विरळ होऊन पोटऱ्या, मांड्या व पोट यांच्या स्नायूंत पेटके येतात. उन्हात बराच वेळ उभे राहिल्यास पायांकडे रक्त साचून भोवळ येते. रुग्णास सावलीत आडवे करून पाय उंच ठेवल्यास तो लवकर सावध होतो.

उष्णताजन्य थकव्यात पाणी व क्षार यांची मोठी घट झालेली असते. डोके दुखणे, मळमळ, गळून जाणे, भरपूर घाम, जलद नाडी आणि लघवी कमी व गडद होणे ही त्याची लक्षणे होत. रुग्ण त्रासलेला असला तरी पूर्ण शुद्धीवर असतो व नीट बोलतो. त्यास गार जागी झोपवून जलसंजीवनी (ओआरएस) घोट घोट पाजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात ग्लुकोज १३.५ ग्रॅ., मीठ २.६ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅ. व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅ. असते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. मीठ घातलेले ताक व कैरीचे पन्हे हीही उपयुक्त पेये होत; मधुमेही व्यक्तींनी पन्ह्यातील गुळाचा विचार करावा.

तोंडाने पिता येणाऱ्या रुग्णास ‘सलाईन’ची गरज सहसा नसते. शक्ती येण्यासाठी बाटली लावून घेण्याची प्रथा सर्वत्र रूढ असली तरी वृद्ध व हृदयरोगी यांना शिरेवाटे अकारण दिलेला द्रव अपायकारक ठरू शकतो. मात्र सतत उलट्या होत असल्यास, किंवा तासाभरात उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

उष्माघात : शरीराचे आंतरिक तापमान ४०° से. (१०४° फॅ.) वा त्यापुढे जाणे आणि मेंदूचे कार्य बिघडणे ही उष्माघाताची दोन मुख्य लक्षणे होत. असंबद्ध बोलणे, चिडखोरपणा, झोकांड्या जाणे, आपले नाव किंवा ठिकाण न सांगता येणे, झटके व बेशुद्धी यांपैकी काहीही उष्ण हवेत आढळल्यास उष्माघात आहे असे समजूनच पुढील कृती करावी. त्वचा कोरडीच असली पाहिजे असे नाही; श्रमांमुळे होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. काखेत लावलेल्या तापमापकावर आंतरिक तापमान कमी दिसते, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये.

जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतील केंद्रच तापमानाची पातळी वाढविते. उष्माघातात ही पातळी बदललेली नसून शीतनव्यवस्था कोलमडलेली असते. साहजिकच पॅरासिटामॉलसारखी ताप उतरविणारी औषधे येथे निरुपयोगी ठरतात. ॲस्पिरिन तर रक्तस्रावाचा धोका वाढविते. अतितापाने यकृत, मूत्रपिंडे, स्नायू व रक्त गोठण्याची क्रिया यांना इजा होते. ती किती होणार हे तापमान किती चढले याबरोबरच ते किती वेळ चढलेले राहिले यावर अवलंबून असते.

तातडीचे उपचार : आधी शीतन, मग वाहतूक, हा उपचाराचा मूलमंत्र आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी (ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे) व ती येईपर्यंत रुग्णास सावलीत नेऊन, कपडे सैल करून, सर्वांगावर गार पाणी ओतीत राहावे आणि पंख्याने वारा घालावा. शक्य असल्यास त्यास गळ्यापर्यंत गार पाण्याच्या टाकीत बसवून डोके आधाराने वर धरावे. अर्ध्या तासात तापमान ३९° से.च्या खाली आणणे हे उद्दिष्ट असते. मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे पाणी कढत असते. त्याऐवजी माठातील किंवा कूलरच्या टाकीतील पाणी घ्यावे. कूलरला हात लावण्यापूर्वी विजेची पिन काढणे अगत्याचे आहे. कोरड्या हवेत ओले अंग व वारा यांचा परिणाम झपाट्याने होतो. मक्का येथे हज यात्रेकरूंसाठी १९८० च्या सुमारास तयार केलेली शीतनशय्या याच तत्त्वावर चालत असे. तीत रुग्णावर पाण्याचे सूक्ष्म तुषार व उबदार हवेचा झोत सोडीत.

बेशुद्ध किंवा गुंगलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी, पन्हे वा औषध घालू नये; ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाण्याचा संभव असतो. तळपायांना कांद्याचा रस चोळणे स्वतः अपायकारक नसले तरी त्यात जाणारा वेळ घातक ठरतो. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही यास शास्त्रीय आधार नाही.

रुग्णालयातील उपचार : उष्माघाताच्या रुग्णास अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे; वाटेत लहान दवाखान्यात बाटली लावण्यासाठी थांबणे म्हणजे वेळ दवडणे होय. हुडकेश्वर परिसराला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (स्थापना १९४७, लोकव्यवहारात ‘मेडिकल’) जवळचे आहे. शहरात इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय (‘मेयो’) व मिहान भागातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था याही मोठ्या शासकीय संस्था आहेत. तातडीच्या रुग्णास प्राथमिक मदत देणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. तातडीचे उपचार नाकारणे हा सरकारी रुग्णालयाकडून जीविताच्या हक्काचा भंग होय, असे त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले.

रुग्ण केव्हा व कोठे कोसळला, शुद्ध केव्हा हरपली, शीतन किती वेळ केले, शेवटची लघवी केव्हा झाली, आधी ताप होता काय व कोणती औषधे चालू आहेत, ही माहिती नातेवाइकांनी प्रथमच सांगावी. मेंदूचा हिवताप व मस्तिष्कावरणशोथ यांची लक्षणे सारखी असल्याने आधीच्या तापाची माहिती निदानास मोलाची ठरते. यकृताची इजा एक-दोन दिवसांनी उघड होत असल्यामुळे रुग्ण शुद्धीवर येताच घरी नेण्याची घाई करू नये. बरे झाल्यावरही काही आठवडे उन्हातील श्रम टाळावे.

प्रतिबंध : अहमदाबाद येथे २०१० च्या लाटेतील जीवितहानीनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अंमलात आला. नागपूर महानगरपालिकेने २०१६ मध्ये असा आराखडा स्वीकारला. पूर्वसूचना, पाणपोया, दुपारी उद्याने उघडी ठेवणे, रुग्णालयांत शीतकक्ष राखणे व कामाच्या वेळा बदलणे ही अशा आराखड्यांची मुख्य अंगे होत. व्यक्तीने दुपारी १२ ते ४ या वेळात श्रम टाळावे, डोके व कान दुपट्ट्याने झाकावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि लघवीचा रंग फिका राहील याकडे लक्ष द्यावे. छताला पांढरा चुना दिल्याने घरातील उष्णता कमी होते. बंद मोटारीत मूल क्षणभरही ठेवू नये. मजुरांना सावली, विश्रांती व पिण्याचे पाणी देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. उष्माघात हा जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्याजोगा विकार आहे. तो झालाच, तर रुग्णाचे भवितव्य बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे डॉक्टर भेटण्यापूर्वीच, जवळच्या माणसांच्या हाती असते.