वृद्धांच्या खोलीतील ऊब

थंडी सर्वांना सारखीच लागते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो खरा नाही. तरुण मनुष्य गारठ्यात सापडला की त्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायू कापू लागतात आणि त्या कापण्यातूनच उष्णता निर्माण होते. वृद्धापकाळी स्नायू क्षीण झालेले असतात, कापरे उशिरा भरते, आणि खोली गार झाली आहे ही जाणीवसुद्धा कित्येकदा वेळेवर होत नाही. शिवाय थंडीमुळे रक्तदाब वाढून हृदयावर ताण पडतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली समशीतोष्ण व थंड प्रदेशांसाठी अशी शिफारस केली की, हिवाळ्यात घरातील उष्णतामान निदान १८ अंश सेल्सिअस असावे. वृद्धांना याहूनही अधिक उबेची गरज भासू शकते.

आपल्या देशात अमृतसरपासून ग्वाल्हेरपर्यंतच्या मैदानी मुलखात घरे बांधली जातात ती प्रामुख्याने उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. उंच छत, दगडी फरशी, छतालगत झरोके आणि दारांना फटी! ज्येष्ठात सुखावणारे हे घर पौषात मात्र बर्फासारखे होते. अशा घरात वृद्धांसाठी उबेची काही सोय करणे हे आवश्यकच ठरते. ती सोय करताना बहुधा किंमत विचारली जाते, विजेचे बिल किती येईल हेही विचारले जाते. परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. माणूस विसरला, झोपी गेला किंवा वेळेवर उठू शकला नाही, तर हे साधन त्याचे काय करील? या एका कसोटीवर प्रत्येक साधन घासून पाहिले पाहिजे.

निखाऱ्यांचा घात

उत्तर भारतात कोळशाची अंगीठी ही उबेची जुनी सोबतीण आहे. ती अंगणात पेटवितात आणि धूर निघून गेला, कोळसे लाल झाले, म्हणजे आता भय नाही असे समजून खोलीत आणून ठेवितात. नेमका येथेच घात होतो. धूर नाहीसा झाला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतच असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि त्यापासून डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हीमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचविते. कार्बन मोनॉक्साइड याच द्रव्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. अर्थात, रक्त वाहत राहते, परंतु ते प्राणवायू पुरेसा नेऊ शकत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले आणि १८९५ साली ते प्रसिद्ध केले. प्रारंभी डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि पुढे ग्लानी येते. वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत ही लक्षणे वयाची किंवा थंडीची म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. निजलेल्या माणसास तर ती जाणवतही नाहीत. यास्तव कोळसा, लाकूड किंवा गोवरी जाळणारे व ज्याला धुराडे नाही असे कोणतेही साधन निजावयाच्या खोलीत नसावे. धुराडे नसलेल्या गॅसच्या हीटरलाही हाच नियम लागू आहे. काश्मीरमधील बुखारीला नळकांडे असते व त्यातून विषारी वायू घराबाहेर जातात; मात्र ते नळकांडे दर हिवाळ्यापूर्वी साफ झाले पाहिजे आणि त्याचे सांधे घट्ट असले पाहिजेत.

काश्मीरची कांगडी, म्हणजे वेताच्या विणीत बसविलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, ही फिरनच्या आत अंगाशी धरण्याची रीत आहे. वर्षानुवर्षे बसणाऱ्या या आचेमुळे पोटाच्या व मांडीच्या त्वचेवर कर्करोग उद्भवतो, असे वर्णन डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच केले होते. त्वचेला न भाजणारी मंद आचही दीर्घकाळ लागल्यास निरुपद्रवी नसते, हा धडा त्यातून मिळतो.

विजेचे हीटर

विजेच्या हीटरमध्ये काहीही जळत नाही; म्हणून त्यातून विषारी वायू निघत नाही. पुष्कळ हीटरांत निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. अल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली या मिश्रधातूचे पेटंट मिळविले. ही तार लालबुंद होऊनही लवकर झिजत नाही.

हीटर खोलीतील प्राणवायू खाऊन टाकतो, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. घसा व नाक कोरडे पडते त्याचे कारण निराळे. ५ अंशांवर बाष्पाने पूर्ण भरलेली हवा २० अंशांपर्यंत तापविली, तर तीतील बाष्प तेवढेच राहते, परंतु तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांवर येते. ही तहानलेली हवा नाकातील ओलावा शोषून घेते. हे सर्वच हीटरांबाबत घडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १००० वॅटचा हीटर स्वस्त असो वा महाग, एका तासात १ युनिट वीज घेऊन तो तितकीच उष्णता देतो. फरक पडतो तो उष्णता कोणत्या मार्गाने पोहोचते यात, आणि अपघाताच्या शक्यतेत.

उघड्या लाल नळ्यांचा हीटर मुख्यतः प्रारणाने ऊब देतो. दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे उष्णता देणारे अदृश्य किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली उष्णतामापकाच्या साह्याने दाखवून दिले. हे किरण समोर बसलेल्या माणसास तत्काळ तापवितात. म्हणून मोठ्या दिवाणखान्यात हा हीटर सोयीचा वाटतो. परंतु शालीचा पदर किंवा रजईची कड त्या नळीस लागली की आग लागावयास वेळ लागत नाही. हॅलोजनचा हीटरही याच जातीचा. वृद्धांच्या शयनगृहात या दोहोंना स्थान नसावे.

पंख्याचा हीटर खोलीतील हवा लवकर तापवितो. परंतु त्याची जाळी धुळीने किंवा वस्त्राने झाकली गेल्यास तो आतून अतिशय तापतो. तेलाने भरलेला हीटर याहून निराळा. त्यातील तेल जळत नाही. ते केवळ उष्णता साठवून पन्हाळ्यांतून सावकाश हवेस देते. खोली उबदार होण्यास वेळ लागतो, पण लाल तापलेला भाग बाहेर कोठेच नसतो. बंद होणाऱ्या लहान खोलीसाठी, ठरलेल्या उष्णतामानाला आपोआप प्रवाह तोडणारा आणि कलंडताच बंद पडणारा असा तेलाचा हीटर वृद्धांसाठी पुष्कळ अंशी योग्य ठरतो. भिंतीवर उंच बसविलेले, हिवाळ्यात ऊबही देणारे वातानुकूलन यंत्र घरात असेल, तर हाताला वा वस्त्राला तापलेला भाग लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्वचेचा बधिरपणा

तेलाचा हीटरही बिलगून बसण्याची वस्तू नव्हे. मॉरिट्झ व हेन्रिकेस यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ४४ अंशांचा स्पर्शसुद्धा सुमारे ६ तास टिकल्यास त्वचा भाजते. ६० अंशांवर मात्र काही सेकंदच पुरतात. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्या वृद्धास चटका कळतच नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन निजण्यातही हेच भय आहे. ती अंथरूण तापविण्यासाठी आधी ठेवावी व निजताना काढून घ्यावी.

खरेदी करताना आणि मांडताना

हीटरवर आय.एस.आय. चिन्ह असावे. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला तो झेपत नाही. त्यासाठी भिंतीतील १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट हवे. जोडपट्टी मुळीच वापरू नये. घरात गळती होताच प्रवाह तोडणारे साधन बसविलेले असल्यास उत्तम. वायर पलंगापासून संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर आडवी येऊ नये. रात्री तीत पाय अडकून पडणे आगीइतकेच अनर्थकारक ठरते. पडदा, गादी व खुर्ची यांपासून हीटर निदान १ मीटर दूर असावा, त्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत आणि न्हाणीघरात तो नेऊ नये. निजण्यापूर्वी तासभर दार-खिडक्यांच्या फटी बुजवून खोली उबदार करावी आणि निजताना हीटर बंद करून रजईवर विसंबावे. कडाक्याच्या थंडीत तो रात्रभर लागणारच असेल, तर वर सांगितलेला, आपोआप बंद होणारा तेलाचाच असावा. खोलीत भिंतीवर एक साधा उष्णतामापक टांगावा. वृद्धांच्या जाणिवेपेक्षा त्यावर अधिक भरवसा ठेवता येतो.

सरतेशेवटी एक परीक्षा घ्यावी. दुकानातून आणलेला हीटर ज्यांच्यासाठी आणला, त्यांच्याच हाती द्यावा. चष्म्याशिवाय बटण दिसते काय, संधिवाताने आखडलेल्या बोटांनी ते फिरते काय, न वाकता ते बंद करता येते काय, हे त्यांनाच करून पाहू द्यावे. मुलगा कामावर गेलेला असतो, सून बाजारात गेलेली असते, आणि खोलीत आजी एकटी असते. त्या वेळी तिला स्वतःच्या हाताने जो बंद करता येईल आणि ती विसरली तरी जो आपण होऊन बंद पडेल, तोच हीटर त्या घरासाठी योग्य समजावा.