स्टेअरिंगला ‘प्ले’ आहे? सवयीवर सोडू नका

आपल्या बीड जिल्ह्यात पिकअप, 407, आयशर यांच्यावर कितीतरी घरांची रोजीरोटी चालते. कुणी भाजीपाला नेतो, कुणी कापूस, कुणी बाजाराला शेळ्या. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडंही अशाच गाड्यांतून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. या गाड्यांबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते: “सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरावी लागते.” आणि लगेच पुढचं वाक्य, “जुनी गाडी आहे, आता हात बसलाय.” या ‘हात बसण्या’बद्दलच आम्हाला बोलायचे आहे.

स्टेअरिंग मधोमध असताना थोडे डावी-उजवीकडे हलवले आणि चाक हललेच नाही, तर त्या मोकळ्या हालचालीला प्ले म्हणतात. थोडा प्ले प्रत्येक गाडीत असतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 98 त्याला मर्यादा घालतो: स्टेअरिंगवर 30 अंशांपेक्षा जास्त नको. आम्ही वर्गात कोन शिकवताना घड्याळ दाखवतो. 12 पासून 1 पर्यंत जेवढे अंतर, तेवढा हा कोन. 40 सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर तो साधारण साडेदहा सेंटीमीटर भरतो. ही शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत बिनधास्त चालवा, असा तिचा अर्थ नाही.

धोका कुठे आहे? ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. धुळे-सोलापूर महामार्गावर बाजूने कंटेनर गेला की वाऱ्याने गाडी हलते. ड्रायव्हर सावरायला जातो, पण हाताची पहिली हालचाल प्लेमध्येच वाया जाते. मग तो जास्त फिरवतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला झुकते. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेल्या गाडीला असा झोल परवडत नाही.

स्टेअरिंगपासून चाकापर्यंत सांध्यांची एक साखळीच असते: कॉलमचा जॉइंट, स्टेअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे एंड, किंग पिन किंवा बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजला तरी हातापर्यंत येताना सगळ्यांची बेरीज होते. पाट्यांचे बुश गेले, यू-बोल्ट ढिले झाले, पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली, तरीही गाडी डोलते. माल फार मागे भरला तर पुढची चाके हलकी पडतात आणि स्टेअरिंग सैल लागते.

अनेकदा पहिला पाना पडतो तो स्टेअरिंग बॉक्सच्या स्क्रूवर. ही घाई बरी नाही. दोष टाय रॉडमध्ये असेल तर तो तसाच राहतो. स्क्रू जास्त आवळला तर स्टेअरिंग जड होते, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि बॉक्स लवकर झिजतो.

आधी टायरची हवा तपासा. मग गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे दोन्ही बाजूंना हलवावे, दुसऱ्याने बाजूला बसून एकेक सांधा पाहावा. चालू गाडीखाली शिरू नये. जिथे एक टोक हलते आणि दुसरे थांबून राहते, तो सांधा गेला. तो बदलून अलाइनमेंट करा. तरीही प्ले उरला, तर बॉक्स जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्या.

व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पण सांधा झिजायला त्या तारखेची वाट पाहत नाही. गॅरेजलाइनमधल्या आपल्या मुलांनी गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे आणि मालकांनी खर्च पुढच्या सीझनवर ढकलू नये. मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवणे बेकायदाच आहे, तरी ती बसतात, हे आपण रोज पाहतो. हात ड्रायव्हरचा बसलेला असतो, जीव मात्र त्या सगळ्यांचा टांगणीला लागतो.