कॅमेऱ्यातला आरसा वर अडकला तर...



यंदा स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काढण्याचे काम मोठ्या गटातील मुलांकडे दिले आहे. त्या निमित्ताने बऱ्याच घरांतले, कपाटात पडून असलेले डिजिटल एस.एल.आर. कॅमेरे बाहेर निघाले. त्यांतील दोन कॅमेऱ्यांची तक्रार एकच होती : खिडकीतून पाहिले तर नुसता काळोख, आणि बटण दाबले तर चित्र निघत नाही. एका घरी तर कॅमेरा टाकून द्यायचे जवळजवळ ठरलेच होते. आम्ही व्यवसायाने संगणकाचे प्रोग्राम लिहितो, कॅमेरे दुरुस्त करीत नाही. पण दोष शोधण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. आधी यंत्र कसे चालते ते समजून घ्यायचे, मग सोप्या आणि बिनखर्चाच्या कारणापासून सुरुवात करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आरसा तिथे कशासाठी?

एस.एल.आर. या नावातला 'आर' म्हणजे रिफ्लेक्स, अर्थात परावर्तन. भिंगातून आत आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या एका लहान आरशावर पडतो. आरसा तो वर पाठवतो. तिथे दुधी काचेवर चित्र उमटते आणि त्यावरच्या लोलकातून फिरून ते आपल्या डोळ्यापर्यंत पोचते. लोलकामुळेच ते चित्र सरळ दिसते, डावे-उजवे होत नाही. म्हणजे भिंगाला जे दिसते, नेमके तेच आपल्यालाही दिसते. या कॅमेऱ्याची खरी गंमत हीच.

पण चित्र टिपायचे तर प्रकाश मागच्या संवेदकावर पडायला हवा, आणि वाटेत तर आरसा उभा! म्हणून बटण दाबताच आरसा झटकन वर जातो, भिंगातील छिद्र ठरल्याप्रमाणे लहान होते, पडदा उघडतो, संवेदकावर प्रकाश पडतो, पडदा मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. आपण ऐकतो तो 'खटॅक्' आवाज या सगळ्या धावपळीचा. काही व्यावसायिक कॅमेरे ही कसरत एका सेकंदात १० पेक्षा जास्त वेळा करतात.

पूर्वी असे नव्हते. १९३६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तयार झालेल्या किने एक्झाक्टा कॅमेऱ्यात चित्र घेतल्यावर आरसा वरच राहायचा. पुढच्या चित्रासाठी रोल फिरवला की मगच तो खाली यायचा. आपोआप खाली येणारा आरसा हंगेरीच्या डुफ्लेक्स कॅमेऱ्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणला, आणि १९५४ साली जपानच्या असाहीफ्लेक्समध्येही तो आला. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ-३ या कॅमेऱ्याला संवेदक जोडून पहिला विक्रीचा डिजिटल एस.एल.आर. काढला, तेव्हाही आत आरसा होताच.

खरोखर अडकला आहे का?

खिडकीत काळोख दिसला म्हणजे आरसा मोडलाच असे नाही. पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्या.

१) कॅमेऱ्याचे झाकण काढले आहे ना? हसू नका, पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.

२) लाइव्ह व्ह्यू चालू आहे का? मागच्या पडद्यावर थेट चित्र दिसावे म्हणून या सोयीत आरसा मुद्दाम वर ठेवलेला असतो. मग खिडकीत काळोख असणारच. ती बंद केली की आरसा खाली येतो.

३) मिरर लॉक-अप चालू आहे का? आरशाच्या धक्क्याने कॅमेरा किंचित हलतो. तिपाईवर ठेवून चंद्राचे किंवा फुलाचे चित्र घेताना हा धक्का टाळायचा असतो. म्हणून या सोयीत पहिल्यांदा बटण दाबले की नुसता आरसा वर जातो, आणि दुसऱ्यांदा दाबले की चित्र निघते. टाकून द्यायला निघालेल्या त्या कॅमेऱ्यात एवढेच झाले होते! मेनूमधली एक ओळ बदलली आणि कॅमेरा चालू झाला.

४) फार मंद प्रकाश आहे का? खोलीत अंधार असेल तर कॅमेरा पडदा कित्येक सेकंद उघडा ठेवतो, आणि तोवर आरसा वरच राहतो. चकती 'बल्ब'वर असेल तर बोट उचलेपर्यंत. उजेडात जाऊन सेकंदाचा १२५ वा भाग असा वेग ठेवून पाहावे.

५) खिडकीतून काळे दिसते की पांढुरके? ऑगस्टमध्ये वातानुकूलित गाडीतून बाहेर पडलो की आपला चष्मा धुरकट होतो, तसेच भिंग आणि खिडकीही होतात. हा दोष नव्हे, दव आहे. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा, मग काढावा.

बॅटरी : नेहमीची गुन्हेगार

वरीलपैकी काहीच नसेल तर आरसा खरोखर अडकला असे धरून चालावे. तरीही पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. आरसा हलवायला छोटी मोटर असते आणि ती क्षणभर बराच प्रवाह ओढते. जुन्या मोटारीचा स्टार्टर मारला की दिवे मंद होतात, तसेच इथे होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी पडद्यावर भरलेली दिसते, पण मोटर फिरू लागताच तिचा दाब कोसळतो आणि आरसा अर्ध्या वाटेत थांबतो. कॅमेरा गोंधळतो आणि दोषाची सूचना दाखवतो.

उपाय असा : कॅमेरा बंद करावा. बॅटरी आणि कार्ड काढावे. बॅटरीचे पत्रे कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावेत. पाचेक मिनिटे थांबावे. मग पूर्ण भरलेली, शक्यतो दुसरी चांगली बॅटरी घालून कॅमेरा चालू करावा आणि बटण एकदा दाबावे. पुष्कळदा आरसा आपोआप खाली येतो. आपल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचे दुखणे हेच निघाले. बॅटरी नवी घेतली, कॅमेरा जुनाच राहिला.

भिंग आणि वाळू

एवढ्याने भागले नाही तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून भिंग काढावे. हे काम घरात करावे, किनाऱ्यावर किंवा वाळवंटातल्या सहलीत नव्हे. आत डोकावल्यावर आरसा दिसला तर तो खाली आहे. त्याजागी काळसर पात्यांचा पडदा दिसला तर आरसा वर आहे. आणि चकाकणारा, हिरवट-जांभळी झाक असलेला आयत दिसला तर पडदाही उघडा आहे. तो आयत म्हणजेच संवेदक. मग लगेच झाकण लावावे आणि सूर्याकडे तर मुळीच धरू नये.

भिंगाविना, 'एम' या स्थितीत ठेवून बटण दाबून पाहावे. आता आरसा नीट हलला तर दोष भिंगात आहे. त्याचे सोनेरी संपर्कबिंदू मळले असतील किंवा आतील छिद्राची पाती अडकली असतील. बिंदू मऊ कोरड्या कापडाने पुसावेत. आरसा तरीही हलला नाही तर दोष कॅमेऱ्यातच आहे. आपल्याकडे आखातात बारीक धूळ हे मोठे कारण असते. रबरी फुग्याने, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवून, हलकेच हवा मारावी. वाळूचा एखादा कण निघून जाईलही.

आजोबांचा रोलचा कॅमेरा असेल तर आणखी एक कारण संभवते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अशा कॅमेऱ्यांत आरशाच्या धक्क्यासाठी स्पंजाची पट्टी लावलेली असे. ती कालांतराने विरघळून चिकट होते आणि आरसा तिला चिकटून वरच राहतो. जाणकार ती पट्टी बदलून देतात.

हे मात्र करू नये

- आरशाला बोट लावू नये. घरच्या आरशाचा चंदेरी थर काचेच्या मागे असतो, याचा पुढे असतो. नुसते पुसल्यानेही ओरखडे पडतात.
- डब्यातील दाबाची हवा मारू नये. तिच्याबरोबर द्रव उडून डाग पडतात.
- तेल सोडू नये. ते पडद्यावर आणि संवेदकावर पसरते.
- आरसा जोराने खाली ओढू नये. मोटर मध्येच थांबली असेल तर दातेरी चाके मोडतात.
- मुलांनो, स्क्रू काढून कॅमेरा कधीही उघडू नका. फ्लॅशच्या धारित्रात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. मोठ्यांनीही हा मोह टाळावा.

दुकानात नेण्यापूर्वी

इथवर येऊनही आरसा हलला नाही तर मोटर, दातेरी चाक किंवा पडदा बिघडला असेल. कंपन्या अनेक कॅमेऱ्यांच्या पडद्याचे आयुष्य १ लाख ते दीड लाख चित्रे सांगतात, त्यामुळे खूप वापरलेल्या कॅमेऱ्यात हे होणारच. दुरुस्तीचा अंदाज आधी विचारावा आणि तोच कॅमेरा जुन्या बाजारात कितीला मिळतो तेही पाहावे. कॅमेरा गेला तरी भिंगे वाया जात नाहीत. त्याच जोडणीच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती चालतात.

सगळ्यांत महत्त्वाचे : कॅमेरा देण्यापूर्वी कार्ड काढून घ्यावे. आरसा अडकल्याने कार्डावरच्या चित्रांना काही होत नाही. त्यात गावच्या गणपतीची, मुंजीची, आता आपल्यात नसलेल्या आजीची चित्रे असू शकतात. कॅमेरा पुन्हा विकत मिळेल, ती चित्रे मिळणार नाहीत. ती आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवावीत.

करून पाहा : मुलांनो, घरी कॅमेरा असेल तर आई-बाबांसमोर वेग १ सेकंद ठेवा, खिडकीला डोळा लावा आणि बटण दाबा. काळोख किती वेळ राहतो? मग वेग ४ सेकंद ठेवून पुन्हा मोजा. काय दिसले आणि का, ते पाच वाक्यांत मराठीत लिहून पुढच्या शुक्रवारी वर्गात आणा.