मैत्रीचा दबाव आणि न्यायालयाचा आदेश

१७ जानेवारी २००२ रोजी बोस्नियाची राजधानी सारायेव्हो येथे एकाच दिवशी दोन न्यायालयीन आदेश निघाले. बोस्निया-हर्झेगोव्हिना फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने दहशतवादाच्या संशयावरून तीन महिने कोठडीत असलेल्या सहा जणांच्या सुटकेचा आदेश दिला, कारण त्यांना आणखी अडकवून ठेवण्यासाठी सरकारी पक्षाजवळ आधार उरला नव्हता. त्याच दिवशी ‘मानवाधिकार कक्ष’ या दुसऱ्या न्यायपीठाने, सहांपैकी चौघांना बळजबरीने देशाबाहेर नेऊ नये, असा अंतरिम आदेश काढला. रात्री तुरुंगाबाहेर नातेवाईक आणि निदर्शक जमले होते. पहाटेपर्यंत बोस्नियाच्या पोलिसांनी सहाही जणांना अमेरिकी सैन्याच्या स्वाधीन केले. २० जानेवारीला ते ग्वांटानामोच्या छावणीत होते.

दहशतवादविरोधी युद्धाच्या इतिहासात या रात्रीला सहसा एखाद-दुसरे वाक्य मिळते. मला मात्र ती त्या काळाची किल्ली वाटते. एका देशाने आपल्या मित्रदेशावर संशयितांबाबत दबाव आणला, तर त्या मित्राच्या कायद्याचे नेमके काय होते, हे इतक्या लख्खपणे दाखवणारे दुसरे प्रकरण मला आढळलेले नाही.

हे सहाही जण मूळचे अल्जीरियाचे. बहुतेकांनी बोस्नियात संसार मांडले होते, काहींकडे तिथले नागरिकत्व होते. त्यांपैकी लखदर बुमेदियन हा संयुक्त अरब अमिरातीच्या रेड क्रेसेंट संस्थेत काम करत असे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, सारायेव्होतील अमेरिकी दूतावासावर हल्ल्याचा कट रचल्याच्या संशयावरून त्यांना अटक झाली. दूतावास काही काळ बंदही ठेवण्यात आला. अमेरिकेला वाटणारी भीती खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. न्यूयॉर्कमधला ढिगाराही तेव्हा पुरता उपसून झाला नव्हता. मात्र ज्या गुप्त माहितीवर हा संशय उभा होता, ती बोस्नियाच्या न्यायालयापुढे आलीच नाही, आणि न्यायालयाला समोर असलेल्या कागदांवरच निर्णय द्यावा लागतो.

नकार देण्याची ऐपत

बोस्नियाने नकार का दिला नाही, हे समजण्यासाठी सहा-सात वर्षे मागे जावे लागते. १९९२ ते १९९५ या काळातील युद्धात तिथे सुमारे एक लाख माणसे मेली. हे युद्ध थांबले ते अमेरिकेतील डेटन येथे ठरलेल्या आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसमध्ये सह्या झालेल्या शांतता कराराने. देशाची राज्यघटना ही या कराराचेच चौथे परिशिष्ट आहे. शांतता राखायला नाटोच्या नेतृत्वाखालील फौज होती आणि तिच्यात अमेरिकी सैनिक होते. अशा देशाच्या मंत्र्याला महासत्तेचा राजनैतिक अधिकारी भेटतो, तेव्हा आवाज चढवावा लागत नाही. या लोकांना पकडले नाही तर अमेरिका आपला दूतावास आणि पाठिंबा काढून घेईल, असे आपल्याला बजावण्यात आले होते, असे तेव्हाच्या बोस्नियन नेतृत्वाने सांगितल्याची माहिती पुढे अमेरिकेतील न्यायालयीन लढाईच्या काळात उजेडात आली.

या प्रकरणातला सर्वांत कडवट भाग वेगळाच आहे. ज्या मानवाधिकार कक्षाचा आदेश त्या रात्री धुडकावला गेला, तो डेटन कराराच्याच सहाव्या परिशिष्टातून जन्मला होता. त्याच्या चौदा सदस्यांपैकी आठ परदेशी होते आणि त्यांची नेमणूक युरोप परिषदेकडून होई. युद्धाने मोडलेल्या समाजाला कायद्याच्या राज्याची सवय लागावी, सरकारलाही न्यायालय अडवू शकते हे लोकांना दिसावे, यासाठी ही संस्था उभारली होती. तिचे निर्णय अंतिम आणि बंधनकारक ठरवले होते. म्हणजे अमेरिकेने स्वतः घडवून आणलेल्या शांततेतून निघालेले न्यायपीठ अमेरिकेच्याच दबावाखाली निष्प्रभ झाले. युद्धातून सावरणाऱ्या बोस्नियन नागरिकाने त्यातून कोणता धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

कक्ष मात्र गप्प बसला नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये त्याने बोस्नियाच्या सरकारला दोषी ठरवले, नुकसानभरपाई द्यायला सांगितली आणि या लोकांच्या हक्कांसाठी राजनैतिक प्रयत्न करण्याचा आदेश दिला. या निकालातील एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: माणसे स्वाधीन करताना, त्यांना फाशी दिली जाणार नाही, अशी हमी बोस्नियाने अमेरिकेकडे मागितलीच नव्हती. आपण कोणत्या अटीवर माणूस देतो आहोत, हे विचारण्याइतकी उसंतही त्या रात्री कोणी घेतली नाही.

पुढचे सारे अमेरिकेच्या न्यायालयांत घडले. १२ जून २००८ रोजी ‘बुमेदियन विरुद्ध बुश’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की ग्वांटानामोतील बंदिवानांनाही आपल्या कैदेची कायदेशीरता न्यायालयात तपासून घेण्याचा हक्क आहे. त्यानंतर न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांच्यापुढे सुनावणी झाली, तेव्हा दूतावासावरच्या हल्ल्याचा मूळ आरोप सरकारने मांडलाच नाही. त्याऐवजी हे लोक अफगाणिस्तानात लढायला जाणार होते, असा दावा आला, आणि पाच जणांबाबत तो एकाच निनावी खबऱ्याच्या माहितीवर उभा होता. लिऑन यांनी २० नोव्हेंबर २००८ रोजी पाच जणांच्या सुटकेचा आदेश दिला. सारायेव्होच्या न्यायालयाने जे जानेवारी २००२ मध्ये म्हटले होते, जवळजवळ तेच वॉशिंग्टनच्या न्यायालयाने सात वर्षांनी म्हटले. मधल्या काळात बुमेदियनने दोन वर्षांहून अधिक काळ अन्नत्याग केला आणि त्याला नळीने बळजबरीने अन्न दिले जात होते. २००९ मध्ये फ्रान्सने त्याला आश्रय दिला. सहावा कैदी डिसेंबर २०१३ मध्ये अल्जीरियाला परतला.

बलाढ्य मित्राची कथा

बोस्निया दुबळा होता म्हणून वाकला, असे म्हणून विषय संपत नाही. ब्रिटनसारखा जुना आणि बलाढ्य मित्रही या दबावातून सुटला नाही. इथिओपियात जन्मलेला आणि १९९४ पासून ब्रिटनमध्ये राहिलेला बिन्याम मोहम्मद एप्रिल २००२ मध्ये कराचीत पकडला गेला आणि पुढे मोरोक्को व अफगाणिस्तानमार्गे ग्वांटानामोत पोहोचला. आपला छळ झाला हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या वकिलांना ब्रिटिश सरकारजवळची कागदपत्रे हवी होती. लंडनच्या उच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला. अमेरिकी यंत्रणांनी ब्रिटनला त्याच्या वागणुकीबद्दल काय कळवले होते, याचा सारांश असलेले सात परिच्छेद मात्र निकालपत्रातून वगळले गेले. परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांचे म्हणणे होते, की हे परिच्छेद छापले तर अमेरिका गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा फेरविचार करेल. ज्याची माहिती त्याचाच तिच्यावर ताबा, हा गुप्तचर जगातला नियम त्यांनी पुढे केला.

इथे एक फरक घडला. हा दबाव मंत्र्याच्या लेखी प्रमाणपत्राच्या रूपाने न्यायालयात दाखल झाला. कागदावर आल्यामुळे त्यावर वाद घालता आला. धमकी खरी आहे का, तिचे वजन किती, जनतेच्या माहितीच्या हक्कापुढे ती टिकते का, हे न्यायाधीशांनी उघडपणे तपासले. आधी त्यांनी मंत्र्यांचे ऐकले, पुढे मत बदलले. अखेर १० फेब्रुवारी २०१० रोजी अपील न्यायालयाने ते सात परिच्छेद प्रसिद्ध केले. त्याआधीच एका अमेरिकी न्यायालयाने बिन्यामच्या छळाचे कथन विश्वासार्ह मानले होते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. झोपू न देणे, धमक्या, बेड्या असा तो मजकूर होता. त्यातून कोणा हेराचे नाव फुटले नाही. दबावाने आपले काम मात्र मागाहून वेगळ्या वाटेने साधले. २०१३ च्या ‘न्याय व सुरक्षा’ कायद्याने दिवाणी खटल्यांतही बंद दाराआडच्या सुनावणीची सोय केली आणि अशी संवेदनशील कागदपत्रे न्यायालयामार्फत मिळवण्याची वाट अडवली.

मुंबईचा धागा

सारायेव्होत त्या रात्री न मागितलेली हमी दुसऱ्या एका देशाने मागितली होती, आणि ती भारताकडे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्यातील आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालने देहदंड आणि जन्मठेप या दोन्ही शिक्षा एकोणिसाव्या शतकातच मोडीत काढल्या होत्या. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली, की सालेमला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. २०१७ मध्ये मुंबईच्या टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. ११ जुलै २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की १२ ऑक्टोबर २००५ पासून पंचवीस वर्षे पूर्ण झाली, की सरकारला दिलेला शब्द पाळावा लागेल.

ज्यांच्या घरातले माणूस त्या शुक्रवारी परत आले नाही, त्यांना या निकालाने समाधान मिळणे कठीण आहे. इतक्या दूरच्या छोट्या देशाने आपल्या शिक्षेची मर्यादा का ठरवावी, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. तरीही इथे काय घडले ते पाहावे. एका देशाने आपल्या कायद्याची अट उघडपणे घातली, दुसऱ्याने ती सही करून स्वीकारली आणि संशयितावर साक्षीपुराव्यांसह खटला चालून शिक्षा झाली. सारायेव्होहून नेलेल्या सहा जणांपैकी एकावरही दूतावासाच्या कटाचा खटला उभा राहिला नाही. ते निर्दोष असतील तर सात वर्षे वाया गेली. त्यांतला कोणी दोषी असता, तर ते सिद्ध करण्याची संधी हुकली.

मित्रदेशांनी एकमेकांवर दबाव आणू नये, ही अपेक्षा भाबडी आहे. राजनीती चालते तीच दबावावर. मागणी लेखी असावी, तिच्याखाली कोणाची तरी सही असावी आणि ज्याच्याकडे ती केली त्या देशाच्या न्यायालयाला ती तपासता यावी, एवढे मागणे मात्र भाबडे नाही. उद्या भारत एखाद्या मित्राकडे संशयित मागेल, किंवा कोणी भारताकडे मागेल. त्या वेळी मागणीचा कागद कुठे आहे आणि त्यावर कोणाची सही आहे, हे विचारायला आपण विसरू नये. सारायेव्होत त्या रात्री तो कागद विचारणाऱ्या दोन न्यायपीठांना वळसा घालूनच गाडी पुढे गेली.