सुटकेची तयारी

दिवस गेलेल्या मुलीला सल्ला देणारांची आपल्याकडे कधीच वाण पडलेली नाही. डोहाळे लागले न लागले तोच एक पक्ष बजावतो, ‘‘आता जिना चढायचा नाही, वाकायचे नाही, हात वर करून दोरीवर कपडे घालायचे नाहीत.’’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘‘काही होत नाही! आम्ही नववा लागला तरी विहिरीचे पाणी ओढत होतो. बसून फरशी पूस, म्हणजे चटकन सुटशील.’’ आणि जिच्यासाठी हा वाद चालला आहे, ती मुलगी सकाळची गाडी पकडून मुलुंडहून दादरला कामाला जाते आणि संध्याकाळी येऊन कणीक मळते.

बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या उपनगरांत गरोदर बायका तपासण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. तपासून झाल्यावर दाराशी घुटमळत विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘‘डॉक्टरबाई, व्यायाम केला तर नॉर्मल होईल ना?’’ त्याचे सरळ उत्तर देण्यासाठीच हा लेख.

आधी पहिल्या पक्षाचे पाहू. डॉक्टर मंडळीही एके काळी अशीच भित्री होती. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ साली दंडक घातला होता, की गरोदर स्त्रीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांपलीकडे नसावा. १९९४ साली ही बंधने सैल झाली. २००२ साली त्याच संस्थेने बहुतेक दिवशी अर्धा तास बेताचा व्यायाम सुचवला. आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की काही अडचण नसेल तर गरोदर स्त्रीने आठवड्याला निदान १५० मिनिटे व्यायाम करावा. निरोगी गर्भारपणात बेताच्या व्यायामाने मूल अपुऱ्या दिवसांचे होत नाही, एवढे आता निश्चित आहे.

आपल्या उपनगरांना तर हे नवे वाटायला नको. २५ डिसेंबर १९१८ रोजी अंधेरीजवळच्या वेसाव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्रकाठच्या घरात, श्रीयोगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला आली. आज तेथे गरोदर स्त्रियांसाठी वर्गही चालतात. श्रीयोगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली स्त्रियांच्या योगाभ्यासावर पुस्तक लिहिले. बाईने व्यायाम करणे हाच जेव्हा आगाऊपणा होता, तेव्हाची ही गोष्ट!

आता दुसरा पक्ष. ‘राबणारीला कळा सोप्या जातात,’ असे तो म्हणतो. याबाबत एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. कॅथलीन व्हॉन नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई श्रीनगरला स्त्रियांच्या इस्पितळात काम करीत. तेथे त्यांना दिसले, की नावेत राहणाऱ्या, वल्ही मारणाऱ्या बायका सहज बाळंत होतात. उलट पडद्यात राहणाऱ्या घरंदाज बायका दिवसचे दिवस अडतात. १९२८ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. कारण काय सापडले? अंधाऱ्या खोल्यांत ऊन न मिळाल्याने पडद्यातल्या बायकांची हाडे मऊ पडत आणि कटीचा सांगाडा आक्रसून मुलाची वाटच अरुंद होई. म्हणजे नावाडिणीला तारले ते केवळ कष्टांनी नव्हे; उघड्या हवेने, उन्हाने आणि मोकळ्या हालचालीने. याच बाईंनी पुढे प्रसूतीपूर्व व्यायामांवरही पुस्तक लिहिले.

आपल्या सुनेच्या वाट्याला यातले काय येते? ट्यूबलाइटखाली आठ तासांची खुर्ची, गर्दीच्या डब्यात तासभर उभे राहणे आणि घरी आल्यावर ओट्यापाशी पुन्हा उभे राहणे. यात शीण आहे, व्यायाम नाही. व्यायामात स्नायू आळीपाळीने ताणतात व सैल होतात, श्वास खोल जातो आणि नंतर विश्रांती मिळते. एकाच जागी ताटकळल्याने पाय सुजतात, कंबर धरते. त्यात शरीरात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. अशा बाईला फरशी पुसायला लावणे याला व्यायाम म्हणू नये. आणि हो, लोकलमध्ये अपंगांसाठी राखलेल्या डब्यात गरोदर स्त्रीलाही बसता येते. संकोच करू नये.

मग करावे काय? रोज अर्धा तास चालावे. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान आहे. ज्यांना नाही, त्यांना सोसायटीचे आवार किंवा गच्ची पुरे. चाल अशी असावी, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. खिडकीचे गज धरून सावकाश उकिडवे बसावे व उठावे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते पाच आकडे मोजेपर्यंत आवळून सैल सोडावेत. असे दिवसातून काही वेळा. श्वास मात्र कोंडू नये. पाचव्या महिन्यानंतर उताणे पडून व्यायाम करू नये. गर्भाशयाचे ओझे पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडते.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर, पोटरीला सूज किंवा वेळेआधी कळा, यांतले काहीही झाले तर थांबावे आणि डॉक्टर गाठावा. वार खाली असून रक्त जात असेल, रक्तदाब फार चढला असेल, किंवा गर्भाशयाच्या मुखाला टाका घातला असेल, तर व्यायामाचे नावच काढू नये. हा टाका १९५५ साली जगापुढे मांडला तो मुंबईच्याच डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी.

आता मूळ प्रश्न. व्यायामाने गर्भारपणातला मधुमेह व रक्तदाब यांचा धोका कमी होतो, कंबरदुखी हटते, खोकताना लघवी सुटण्याचा त्रास कमी होतो. कळांच्या पहिल्या टप्प्यात खाटेवर पडून न राहता जी चालते किंवा ताठ बसते, तिचा सरासरी तासाहून अधिक वेळ वाचतो. सिझेरियनची शक्यताही थोडी घटते. पण ‘थोडी’ हा शब्द विसरू नका! मूल आडवे असेल, वार वाटेत असेल, बाळाचे ठोके मंदावले, तर हजार फेऱ्यांनीही शस्त्रक्रिया टळत नाही. त्याच पाहणीत देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झालेल्या दिसल्या. खासगी इस्पितळांत तर ४७.४ टक्के. एवढा फरक काही खासगी इस्पितळात जाणाऱ्या बायकांच्या आळसाने पडत नाही. सिझेरियन का, हा प्रश्न डॉक्टरला जरूर विचारा, सुनेला नको.

बोरिवलीची एक मुलगी सात महिने नेमाने चालली, आणि अखेर मूल आडवे म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढे चालून काय मिळवलेस?’’ मी त्यांना वॉर्डात नेले. दुसऱ्याच दिवशी त्यांची सून बाळाला छातीशी धरून ताठ बसली होती. ना साखर वाढलेली, ना रक्तदाब. म्हटले, ‘‘हे मिळवले.’’ सासूबाई सुज्ञ. पुढे काही बोलल्या नाहीत.

सिझेरियन झालेली बाई नापास झालेली नसते. व्यायाम ही परीक्षेची नव्हे, प्रवासाची तयारी आहे. वाट कशीही निघो, पायांत बळ असलेले बरे.

तेव्हा यंदा घरात कोणी दोन जिवांची असेल, तर चकलीचा सोऱ्या तिच्या नवऱ्याच्या हाती द्या आणि तिला उन्हात फिरायला पाठवा. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसवा, फुलांची वाडी भरा, ओटीत पाच फळे घाला; आणि त्यांच्याबरोबर रोजचा अर्धा तास घाला, तिचा स्वतःचा.